वहिनींनी बंद केलेला कॉम्प्युटर

माझ्या पुतण्याचा आवाज वहिनींच्या हातून गेला, असं आमच्या घरात सात वर्षं सगळे धरून चालले. तोंडाने तसं कुणी म्हणत नव्हतं, पण मानत सगळेच होते आणि सगळ्यांत आधी वहिनींनीच ते मानलं होतं. ते खरं नव्हतं. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी ते सात दसरे पोटात ठेवलं. लिहून ते फिटणार नाही. पण मी ते सांगताना दोनदा चुकलो, तर एकदा तरी नीट सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

मी साताऱ्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. मशीन उघडायचं, पंख्यातली धूळ काढायची, बिघडलेली सिस्टीम पुसून नवी घालायची, हेच काम पंचवीस वर्षं करत आलो. थोरला भाऊ गावी असतो, शिराळ्याच्या पुढे, वारणेच्या अंगाला. तो फौजेतून हवालदार होऊन परत आला आणि ऊस करू लागला. त्याचा मुलगाही फौजेत गेला. आमच्याकडे त्याचा वेगळा विचार करावा लागत नाही. बारावी झाली की पोरं पहाटे डांबरी रस्त्याने पळायला लागतात आणि आया त्यांच्यासाठी अंडी उकडतात.

पुतण्या बारावीला होता तेव्हा मी कॉलेजने काढून टाकलेला एक कॉम्प्युटर त्याला नेऊन दिला. मशीन जुनं होतं, म्हणून मी त्यात लिनक्स घातलं. ते घालताना हार्ड डिस्कचे भाग पाडावे लागतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. एक भाग सिस्टीमचा, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सामानाचा. दुसरा वापरणाऱ्याचा, ज्यात त्याचे फोटो, गाणी, कागद राहतात. मी सिस्टीमचा भाग फार लहान ठेवला आणि बाकीची सगळी डिस्क पुतण्याला दिली. पोराला जागा भरपूर मिळावी असा विचार होता. सिस्टीमही हळूहळू फुगते, रोजच्या नोंदी लिहून लिहून आपली जागा भरून टाकते, हे मला माहीत असायला हवं होतं. ते माझं कामच होतं.

तो भरती झाल्यावर दर सुट्टीला घरी यायचा आणि फोनमधलं सगळं त्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा, कारण फोन भरलेला असायचा. घरातल्याच गोष्टींचे व्हिडिओ काढायची त्याला सवय होती. आई भाकरी थापतेय, आई म्हशीला शिव्या घालतेय, आई उन्हात मिरच्या पसरतेय. तो स्वतः कुठेच दिसायचा नाही, फोन त्याच्याच हातात असायचा. पण बोलायचा सारखा. आईला डिवचायचा, हसायचा, मध्येच पलटणीतल्या जेवणाला नावं ठेवायचा.

दुसऱ्या पोस्टिंगला, तिकडे वरती, त्यांचा ट्रक दरीत गेला. फोनही गेला. गावात तिरंगा आला, लोक आले, फुलं आली. दहा दिवसांनी घर रिकामं झालं तेव्हा वहिनींनी विचारलं, त्या मशीनमध्ये तो बोलतो ते कसं लावायचं? मी त्यांना शिकवलं. कुठलं बटण, कुठला कप्पा, कुठे दोनदा दाबायचं. चौथीपुढे शाळा न झालेल्या त्या बाईने ते दोन दिवसांत पाठ केलं. मग रोज दुपारी जेवणं आवरली की त्या त्याच्या खोलीत जाऊन बसायच्या. पडद्यावर त्यांना स्वतःचेच हात दिसायचे, पण बघायला त्या बसतच नव्हत्या. डोळे मिटून पाठीमागून येणारा आवाज ऐकायच्या.

वर्षाच्या वर झालं असेल. नवरात्रात दादाचा फोन आला. मशीन चालू होतं, पण आत शिरत नाही, पुन्हा पुन्हा त्याच पानावर येतं. ऐकताच मला कळलं की सिस्टीमचा भाग भरलाय. म्हणालो, दसऱ्याला येतोच आहे, अर्ध्या तासाचं काम आहे.

खंडेनवमीला सकाळी मी पोचलो. दादा विहिरीच्या धावेवर ट्रॅक्टर धुवायला गेला होता. कुदळी, विळे, पाना-पक्कड, औषध फवारायचा पंप, सगळं अंगणात धुऊन वाळत ठेवलं होतं. वहिनींचे नऊ दिवसांचे उपवास होते, ओठ सुकले होते. मी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढून मशीनला लावला. पिशवीत माझी मोठी हार्ड डिस्कही होती. हे लिहायलाच हवं. पुतण्याचं सगळं आधी त्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि मग पार्टिशनला हात लावायचा, हे मी पोरांना लॅबमध्ये दरवर्षी बजावतो. पण ते मशीन इतकं जुनं होतं की उतरवायला चार-पाच तास लागले असते. मला संध्याकाळच्या आत साताऱ्याला परतायचं होतं आणि हे काम मी शंभरदा केलेलं होतं. डिस्क पिशवीतच राहिली.

वहिनी दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भावजी, आज खंडेनवमी. आज हत्याराला कामाला लावत न्हाईत."

"हे कुठलं हत्यार, वैनी."

"त्याचं हत्यारच की. बंदूक सरकारची हुती, ती तिकडंच ऱ्हायली. हे तेवढं घरात हाय."

मी म्हणालो, नैवेद्याच्या आत उरकतो, मग खुशाल पूजा करा. त्या जवळ येऊन बसल्या. काय करणार, असं विचारलं. मी त्यांना कळेल असं सांगायला लागलो, आणि सांगता सांगता मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. म्हणालो, हे एकच रान आहे असं समजा, मधे बांध घालून दोन तुकडे केलेत. मशीनच्या तुकड्यात आता पाय ठेवायला जागा नाही. त्याच्या तुकड्याचं टोक मोकळं आहे. तेवढं टोक कापून मशीनला देतो, म्हणजे ते तिथे आपलं सामान टाकेल.

"त्याच्यातलं काय जाणार न्हाई न्हवं?"

"काही जात नाही, वैनी."

या कामाचा एकच नियम आहे. आधी आतलं सामान आवरून आत सरकवायचं, मग बांध हलवायचा. डिस्कवर फाइली एका कडेला रचून ठेवलेल्या नसतात, साऱ्या रानभर विखुरलेल्या असतात. टोकाला मोकळं दिसलं तरी तिथे काहीबाही पडलेलं असतंच. सामान आत घेण्याची एक आज्ञा असते. ती मी दिली. मशीनने लगेच एक ओळ लिहून उत्तर दिलं. ती ओळ सांगत होती, मी हे करणार नाही, आधी तपासणी करा. मी ती ओळ वाचली नाही. माझं तोंड वहिनींकडे होतं, मी त्यांना बांधाची गोष्ट सांगत होतो. ओळ आली म्हणजे काम झालं असं धरलं आणि बांध कापला. कापलेल्या टोकाचा नवा भाग केला आणि तो फॉरमॅट केला, म्हणजे नांगरून साफ केला.

त्यानंतर पुतण्याचा भाग उघडेना.

वहिनी तेवढ्यात साबुदाणा बघायला आत गेल्या होत्या. मी वर सरकवून त्या ओळी पुन्हा वाचल्या आणि न वाचलेली ती ओळ दिसली. तिथेच थांबलो असतो, हात बांधून बसलो असतो, तर टोकाचं गेलं तरी बांधाच्या अलीकडचं पुष्कळ वाचलं असतं. हेही मी पोरांना शिकवतो, की चुकल्यावर पहिली गोष्ट हात काढून घ्यायचा. मी हात काढला नाही. त्या आत गेल्या आहेत तोवर, कुणी यायच्या आत, सगळं होतं तसं करायचं होतं. मी दुरुस्तीची आज्ञा दिली आणि तीही अशी, की प्रत्येक प्रश्नाला मला न विचारता हो म्हण. मशीन विचारत गेलं आणि स्वतःच हो म्हणत गेलं. ही फाइल तुटकी आहे, पुसू? हो. ही? हो. ओळी इतक्या भराभर वर चढत होत्या की वाचता येत नव्हत्या. पण मला वाचायची गरज नव्हती. मी उठलो, चप्पल घातली आणि जरा पाय मोकळे करतो म्हणून ओढ्यापर्यंत गेलो. तिथे बाभळीखाली बसून राहिलो. दादाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो आणि एकही जुळत नव्हतं.

परत आलो तेव्हा एक वाजत आला होता. त्या खोलीतून उदबत्तीचा वास येत होता. कॉम्प्युटरवर झेंडूचं फूल, कीबोर्डला हळदीकुंकवाची बोटं, शेजारी पुतण्याचा काळा बूट पॉलिश करून ठेवलेला, समोर नैवेद्याची वाटी. वहिनी हात जोडून बसल्या होत्या. भिंतीवरचं बटण बंद होतं.

त्या म्हणाल्या, "पडदा काळा झालावता. वाटलं, तुमचं उरकलं. मग बटण बंद केलं आणि कुंकू लावलं."

बराच वेळ कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा होतो. काम संपलेलं असो वा नसो. पण खंडेनवमीला यंत्र थांबवायचं असतं आणि ते थांबलेलं दिसलं. त्यांनी नैवेद्यापर्यंत वाट पाहिली होती, मीच तसं सांगून गेलो होतो.

आणि मला वाक्य सापडलं. दोन तास ओढ्याकाठी न सापडलेलं वाक्य आयतं समोर आलं.

मी म्हणालो, "वैनी, चालू असताना बंद करायचा नव्हता."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता.  त्यांनी हळूच विचारलं, म्हणजे काय झालं? मी पेन ड्राइव्हवरून मशीन पुन्हा चालू केलं आणि पुतण्याचा कप्पा उघडून दाखवला. आकड्यांची नावं असलेले काही तुकडे होते, त्यातला एकही वाजत नव्हता. त्यांनी स्वतः माउस घेतला आणि मी शिकवलं होतं तसं दोनदा दाबलं. पुन्हा दोनदा. मग हात पदराखाली घेतले. रडल्या नाहीत.

दादा आला तेव्हा त्यांनीच सांगितलं, मला सांगावं लागू नये म्हणून. म्हणाल्या, मी बटण दाबलं, त्याचं सगळं गेलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, काम चालू होतं. तेवढंच. त्याने टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, पुन्हा घातली. वहिनींना म्हणाला, "तुला कुणी सांगितलं हुतं हात लावाय?" मग ट्रॅक्टरला माळ घालायला निघून गेला.

मी निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. सणासुदीचं साताऱ्याहून आलात आणि मी असं करून ठेवलं, म्हणाल्या. माझी माफी मागत होत्या. मी म्हणालो, जाऊ द्या वैनी, होतं असं. म्हणजे मी त्यांना माफ केलं.

कॉम्प्युटरमधली डिस्क काढून मी बरोबर नेली होती, काही निघतं का बघतो म्हणून. काही निघालं नाही. पण एक गोष्ट निघाली. डिस्कच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्याचा स्वतःचा हिशेब लिहिलेला असतो, त्यात शेवटची तपासणी कधी पुरी झाली तीही वेळ असते. पुतण्याच्या भागावर खंडेनवमीची तारीख होती आणि वेळ होती साडेअकराच्या आतली. नैवेद्य बाराला दाखवला होता. म्हणजे वहिनींनी बटण दाबलं त्याच्या अर्धा तास आधीच माझी दुरुस्ती पुरी झाली होती, जे पुसायचं ते सगळं पुसून झालं होतं. त्यांच्या बटणाने एक अक्षरही गेलं नव्हतं. तोवर मी स्वतःला सांगत होतो की कदाचित थोडं त्यांच्यामुळेही गेलं असेल. आता ती पळवाटही उरली नाही. मी डिस्क स्क्रू-ड्रायव्हरच्या खणात ठेवून दिली.

सांगायचं मी दरवर्षी ठरवायचो. दिवाळीत, मग उन्हाळ्यात, मग पुढच्या नवरात्रात. दादाने ती खोली कुलूप लावून बंद केली आणि किल्ली बंडीच्या खिशात ठेवू लागला. वहिनींना तो पुन्हा एका शब्दाने बोलला नाही, चांगलं नाही की वाईट नाही. आणि वहिनींनी खंडेनवमीची पूजा सोडली. घरातल्या हत्यारांना कुंकू लावायला शेजारची सून यायची. त्या ताट तयार करून तिच्या हातात द्यायच्या आणि स्वतः उंबऱ्याच्या आत उभ्या राहायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, माझा हात नको. मी दर दसऱ्याला अंगणात खुर्चीवर बसून हे बघितलं आणि कडाकण्या खाल्ल्या.

गेल्या उन्हाळ्यात दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, सांगलीत मुलगी झाली. डॉक्टर जवळ असावा म्हणून बाळंतपण तिच्या घरीच, विश्रामबागेकडे केलं आणि वहिनी तिथे महिनाभर राहायला गेल्या. मी बाळ बघायला गेलो. पुतणी न्हाणीत होती, बाळ वहिनींच्या खांद्यावर होतं, आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. जावयाचा पुण्याहून रोजचा व्हिडिओ कॉल. फोन वहिनींच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तो वाजत राहिला. आतून पुतणी ओरडली, आई, घे की. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं.

"भावजी, तुमी उचला. माझ्या हातानं नको."

मी उचलला. पुतणी केस पुसत बाहेर आली आणि हसत म्हणाली, "आई फोनकडं इच्चवागत बघती, काका. गावाकडं मिक्सरसुदिक शेजारणीला बोलवून चालू करती. नातीचा एक फोटो काढंल तर शपथ." वहिनीही हसल्या. मीही हसलो. मग जावयाला बाळ दाखवायचं होतं, तर मी फोन धरला आणि त्या लांबून, हात पदराखाली घेऊन, पडद्यात बघत राहिल्या.

दुपारी पुतणी बाळाला घेऊन झोपली. वहिनी स्वयंपाकघरात लाडवांसाठी अळीव निवडत होत्या. मी समोर पाटावर बसलो आणि सांगितलं. ती न वाचलेली ओळ, कापलेलं टोक, पुसत गेलेली दुरुस्ती, ओढ्याकाठची बाभळ, डिस्कवरची वेळ. सांगताना माझा आवाज मला परक्यासारखा ऐकू येत होता. त्यांनी ताटातला हात थांबवला नाही. सगळं झाल्यावर विचारलं, "म्हंजी मी बटण दाबलं तवा त्यो गेलावता?"

"व्हय. आधीच."

"आणि तुमाला ते कवा कळलं?"

"त्याच आठवड्यात."

त्यांनी बोटावर काहीतरी मोजलं. मग विचारलं, त्यातलं काही परत येतं का? मी म्हणालो, नाही.

"मग आज सांगून काय केलंसा? तुमचं वझं उतरलं."

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. दोन्हीसाठी मी तयार होतो. याला तयार नव्हतो. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"ह्यांना सांगितलंसा?"

"न्हाई अजून."

"त्यांना आधी सांगायचं हुतं. सात वर्सं मी त्यांच्या म्होरं ताट ठेवताना मान वर केली न्हाई. मला सांगून मी काय करू? मीच जाऊन सांगू व्हय, की मी न्हवते म्हणून? कोण खरं मानंल?" मग ताट पुन्हा पुढे ओढलं. "जावा. आधी तिकडं जावा."

क्रम पुन्हा चुकला होता. जिथे सोपं जाईल तिथे आधी गेलो होतो.

सांगलीहून निघालो, पेठ नाक्यावर गाडी बदलली आणि ऊन असतानाच गावात पोचलो. दादा रानात दारं धरत होता. एका सरीत पाणी भरलं की खोऱ्याने माती ओढून ती बंद करायची आणि पुढची उघडायची, हे काम. मी बांधावर उभा राहून सांगायला लागलो. तो काम करत ऐकत होता. डिस्कवरची वेळ सांगितली तेव्हा तो थांबला. भरलेल्या सरीचं दारं तसंच उघडं राहिलं आणि पाणी बांध ओलांडून वाटेवर यायला लागलं. माझे बूट भिजले. मी हललो नाही.

"मी तिला एकदाच बोललो," तो म्हणाला. "ठाऊक हाय तुला? एकदाच."

"ठाऊक आहे."

"मला वाटायचं मी लय सोसलं. न बोलता सोसलं." त्याने खोरं पाण्यात टेकवलं. "पोरगं गेलं तवा तीच मला धरून बसायची. आणि नंतर मी काय केलं तर ती बसायची त्या खोलीला कुलूप घातलं."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्याने हात वर केला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, आणि ते त्यालाही कळलं असावं. त्याने हात खाली घेतला, वाकून दारं बंद केलं आणि म्हणाला, "ती डिस्क घेऊन ये. खंडेनवमीला. तवर येऊ नगंस."

मधल्या चार महिन्यांत फोन झाला नाही. खंडेनवमीला मी डिस्क कागदात गुंडाळून नेली. खोलीचं कुलूप काढलेलं होतं, दार सताड उघडं होतं, आत धान्याची दोन पोती आणि पुतण्याच्या फोटोखाली, कॉम्प्युटर होता तिथे, नव्याने सारवल्यासारखी स्वच्छ जागा. अंगणात हत्यारं मांडलेली होती. दादाने माझ्या हातून डिस्क घेतली, कागद काढला आणि कुदळ नि पान्याच्या मधे ठेवली. मला बस म्हणाला नाही.

शेजारची सून आली नव्हती. वहिनी स्वतः ताट घेऊन बाहेर आल्या. सात वर्षांनी त्यांचा हात जरा अडखळत होता, कुंकू सांडत होतं. कुदळीला लावलं. मग डिस्कवरून हात पुढे नेला आणि पान्याला लावलं. पंपाला, विळ्याला, ट्रॅक्टरच्या नाकाला लावलं, फुलं वाहिली. दादाने विचारलं, "आणि ती?"

"ती आपली न्हवं," त्या म्हणाल्या.

डिस्क दिवसभर रांगेत तशीच होती, बिनकुंकवाची. मी निघालो तेव्हा त्यांनीच ती उचलली, त्याच कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ही तुमची. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." दादा वळून बघत नव्हता.

गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होतो. आमच्या घराची ओसरी तिथून दिसते. वहिनी पायरीवर बसल्या होत्या आणि हातात फोन होता. त्यांनी तो फार जवळ धरला होता, अंगठा कॅमेऱ्यावर आला असावा, आणि पलीकडून पुतणी तसं सांगत असावी, कारण त्या फोन उलटासुलटा करून बघत होत्या. फोन त्यांच्या हातात होता. मी फाट्यावर होतो तोवर त्यांनी मान वर केली नाही.

डिस्क पुन्हा स्क्रू-ड्रायव्हरच्या खणात आहे. खण मला रोज उघडावा लागतो.